पहिला समुद्र कोणता निवडावा?

प्रश्न : आम्ही अमळनेरला राहतो. येत्या दिवाळीच्या सुट्टीत घरातली सहा माणसे प्रथमच समुद्रावर जाणार आहोत. सासूबाई ७१ वर्षांच्या असून त्यांचे गुडघे दुखतात. ७ आणि ११ वर्षांची दोन्ही मुले शेतातल्या विहिरीत पोहायला शिकली आहेत, त्यामुळे ती पाण्यात उतरल्याशिवाय राहणार नाहीत. जवळ म्हणून काही जण डुमस किंवा तीथल सुचवतात, यजमानांना गोवा हवा आहे आणि दिरांचा आग्रह अंदमानचा आहे. छायाचित्रांत सगळेच किनारे सुंदर दिसतात. निवड कशी करावी?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : ताई, आपल्या पत्रातले विहिरीचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. विहिरीत पोहणाऱ्या मुलाची खोल पाण्याची भीती मोडलेली असते आणि समुद्रावर नेमका हाच धीर घात करू शकतो. विहिरीचे पाणी जागचे हलत नाही, तापीचे पाणी एकाच दिशेने वाहते. समुद्राचे पाणी मात्र अंगावर येते आणि माघारी जाताना माणसाला ओढते. घोट्याइतक्या पाण्यात उभे राहिले, तरी परतणारी लाट टाचेखालची रेती उकरून नेते आणि पाऊल आपोआप खचते. ही ओढ किती जाणवेल, हे बरेचसे किनाऱ्याच्या उतारावर अवलंबून असते. रेती जाड असेल तिथे उतार बहुधा तीव्र असतो, लाट थेट काठावर आपटते आणि थोड्याच पावलांत पाणी छातीला लागते. रेती बारीक आणि घट्ट असेल तिथे उतार मंद असतो, लाटा दूरवर फुटतात आणि काठापर्यंत येईतो त्यांचा जोर ओसरलेला असतो. गणपतीपुळ्याचा किनारा डोळ्यांना कितीही सुखावत असला, तरी तो पोहण्यासाठी धोक्याचा मानला जातो, हे या संदर्भात लक्षात ठेवावे.

डुमस आणि तीथल सोयीचे आहेत, कारण ताप्ती लाइनची गाडी आपल्याला अमळनेरहून थेट सुरतला नेते. परंतु तिथली रेती काळी आणि पाणी गढूळ आहे. शिवाय खंबातच्या आखाताकडे भरती-ओहोटीचा फरक फार वाढत जातो. भावनगरजवळ तो १० मीटरच्या आसपास जातो. ओहोटीला पाणी लांबवर हटलेले असते आणि भरती चढू लागली की ते झपाट्याने परत येते. तिथे संध्याकाळी फेरफटका मारून यावे. मुलांच्या पहिल्या समुद्रस्नानासाठी मी तो किनारा सुचवणार नाही. अंदमानचा राधानगर किनारा खरोखरच अप्रतिम आहे, पण विमानानंतर पुन्हा बोटीचा प्रवास आणि नोव्हेंबरातही रेंगाळणारा पाऊस पाहता सासूबाईंना घेऊन पहिल्याच वेळी तिकडे जाऊ नये, असे मला वाटते.

माझे मत यजमानांच्या बाजूने आहे. मात्र उत्तर गोव्यातल्या गर्दीत न शिरता दक्षिणेकडच्या काणकोण तालुक्यातले पाळोळे निवडावे. दोन्ही टोकांच्या डोंगराळ भूशिरांमध्ये हा किनारा चंद्रकोरीसारखा वळलेला आहे, म्हणून लाटांचा मारा तिथे सौम्य असतो आणि उतारही मंद आहे. भुसावळहून मंगला एक्सप्रेस कोकण रेल्वेने थेट मडगावला जाते आणि तिथून पाळोळे सुमारे ४० किलोमीटर आहे.

आता दिवस ठरवण्याविषयी. लक्ष्मीपूजन अमावास्येला येते आणि अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते, म्हणजे पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खाली जाते. त्याऐवजी भाऊबीज आटोपून निघालात आणि अष्टमीच्या आसपास तिथे राहिलात, तर भांगाची भरती मिळेल. तेव्हा हा फरक बराच कमी असतो. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यास आली, तर पावसाळ्यानंतरचा समुद्र पुरता निवलेला नसतो, म्हणून त्या वर्षी आणखी आठ-दहा दिवस थांबलेले बरे. मे महिन्याचा विचार मात्र करू नये. तिथला पारा आपल्या जळगावपेक्षा पुष्कळ खाली असतो, पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि महिनाअखेरीस समुद्रही खवळू लागतो.

मुलांना निघण्यापूर्वीच दोन गोष्टी समजावून सांगाव्यात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या भागातच पोहायचे आणि नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात पायही घालायचा नाही. प्रवाहाने आत ओढले, तर काठाच्या दिशेने झुंजत दम घालवू नये. काठाला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडावे आणि मगच किनाऱ्याकडे वळावे. जीवरक्षक दिवसाच असतात, तेव्हा अंधार पडण्याआधी मुलांना बाहेर काढावे. तोपर्यंत घरातले एक मोठे माणूस त्यांच्याबरोबर हाताच्या अंतरावर पाण्यात असावे. काठावरून लक्ष ठेवणे पुरेसे नाही.

राहण्याची जागा ठरवताना फोनवर एक प्रश्न अवश्य विचारावा : खोलीपासून रेतीपर्यंत पायऱ्या किती आहेत? माझ्या आईला घेऊन मी कोकणात एका ठिकाणी उतरलो होतो. जाहिरातीत ‘समुद्रासमोर’ असे लिहिले होते आणि ते खरेही होते, पण खोली टेकडीवर होती. तीन दिवस आईने समुद्र पाहिला तो सज्जातून. तिच्या पायांना पाणी लागले नाही, याची रुखरुख मला आजही आहे. सासूबाईंसाठी खोली तळमजल्यावरची आणि रेतीला लागूनच घ्यावी, भाडे थोडे जास्त पडले तरी चालेल.