तिची माणसं कोण?

प्रिय मुली,

तुझा मेल काल रात्री दोनदा वाचला. ती अ‍ॅबोरिजिनल बाई, ऑस्ट्रेलियातली मूळनिवासी, मार खाल्लेल्या बायकांच्या शेल्टरमधून परत नवऱ्याकडे गेली आणि तू विचारतेस, ‘ताई, मग मी इथे करतेय तरी काय?’ तू रडली असशील, कळतंय मला. पण एवढ्या लांबलचक मेलमध्ये कपाळावरचे टाके आहेत, कोणकोणते फॉर्म भरले ते आहे. तिची माणसं कोण, याचा एक शब्द नाही. विचारलंस का तिला?

ॲलिस स्प्रिंग्जला, ऑस्ट्रेलियाच्या मधोमधच्या वाळवंटात, माझं दुसरं वर्ष होतं. एक तरुण अ‍ॅबोरिजिनल बाई आली, हात प्लास्टरमध्ये. मी दोन तासांत ॲडलेडच्या बसचं तिकीट काढलं, तिथल्या शेल्टरमध्ये खोली मिळवली. दीड हजार किलोमीटर लांब म्हणजे सुरक्षित, असं माझं गणित. तिने तिकिटाची घडी घातली, मग आणखी एक, नखाएवढी होईपर्यंत घालतच राहिली. मान वर केली नाही. मी तो होकार समजले. त्या आठवड्यात तिच्या घरी ‘सॉरी बिझनेस’ चालू होतं, म्हणजे मयताचं सुतक आणि विधी. तिथे नसणं म्हणजे आपल्याच माणसांतून उठणं. ती बसमध्ये चढली नाही, आणि आमच्या दारात पुन्हा कधी आली नाही. नियमाने माझं काही चुकलं नव्हतं. आजही फाइल काढली तर एक सही कमी सापडणार नाही. पण तिच्या आईच्या दोन बहिणी टाउन कॅम्पात, म्हणजे शहरातल्या अ‍ॅबोरिजिनल वस्तीत राहत होत्या, माझ्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर. हे मला दोन महिन्यांनी कळलं.

आपण ‘माय मरो पण मावशी जगो’ म्हणतो. त्या वाळवंटातल्या नात्यांत आईची बहीण ही आईच, हाकसुद्धा तीच. म्हणून तिथल्या बायका ‘डोमेस्टिक’ न म्हणता ‘फॅमिली व्हायोलन्स’ म्हणतात. मार एकीला बसतो, पण त्यात सगळं गोत ओढलं जातं. मग वाटही गोतातूनच काढावी लागते.

आणि ‘त्यांच्याकडे हे असंच चालतं’ हे वाक्य मला परत लिहू नकोस. वाचून राग आला. जमिनी गेल्या, पिढ्यान्‌पिढ्या मुलं सरकारने उचलून नेली. त्या मोडतोडीला संस्कृती म्हणायचं? अ‍ॅबोरिजिनल बायकांना मारणाऱ्यांत गोरे पुरुषही आहेत. आणि या बायका गप्प कधीच नव्हत्या. क्वीन्सलंडमध्ये १९९९ साली बोनी रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली त्यांनीच टास्क फोर्समधून सगळं उघड मांडलं. २००७ साली नॉर्दर्न टेरिटरीत, म्हणजे ॲलिस स्प्रिंग्ज ज्यात येतं त्या प्रांतात, मुलांवरच्या अत्याचारांचा अहवाल आला. पहिल्याच शिफारशीत म्हटलं होतं, अ‍ॅबोरिजिनल समाजाशी मनापासून सल्लामसलत करा. सरकारने काय केलं? सैन्य पाठवलं, वंशभेदविरोधी कायदा बाजूला ठेवला. कोणी विचारलंच नाही!

ती पोलिसांना का बोलवत नाही, असंही तुझं म्हणणं. पश्चिम ऑस्ट्रेलियात २०१४ साली जोडीदाराने कोर्टाचा आदेश मोडल्याच्या तक्रारीवरून पोलीस एका घरी गेले. त्याच्याबरोबर त्याची जोडीदार असलेल्या बावीस वर्षांच्या अ‍ॅबोरिजिनल तरुणीलाही दंड थकला म्हणून कोठडीत टाकलं. मारामुळे मोडलेल्या बरगडीत संसर्ग पसरला होता. ती कण्हत होती आणि सगळ्यांना ते नाटक वाटलं. तीन दिवसांत गेली. ही गोष्ट तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. शिवाय पोलीस आले की मुलं जातील, ही धास्ती वेगळीच.

विचारणं म्हणजे गप्प बसणं नव्हे, हेही डोक्यात ठेव. टेरिटरीत गंभीर इजा दिसली तर पोलिसांना कळवणं २००९ पासून प्रत्येक प्रौढ माणसाला बंधनकारक आहे. मीही कळवते. फक्त आधी तिच्या समोर बसून सांगते, की मला हे करावं लागणार, तोवर तुझ्याजवळ कोण असावं? पाठीमागून एकही कागद पुढे सरकवत नाही. यावरून माझं वरिष्ठांशी वाजलं, बढती अडली. हट्टी म्हणतात, म्हणू देत.

मावशीला विचार म्हणजे दिसेल त्या मावशीला नव्हे. एखादी त्याच्या बाजूचीही असते. कोणाला सांगायचं, कोणाला नाही, ते तिच्या तोंडून येऊ दे. युएन्डुमू गावच्या वार्लपिरी समाजातल्या बायका हातात काठ्या घेऊन रात्रीची गस्त घालत. वाळवंटातल्या बायकांची स्वतःची संघटना, एनपीवाय विमेन्स कौन्सिल, १९८० पासून आहे. टाउन कॅम्पांची संस्था टँगेंटयेर, तिच्या बायका आपल्याच कॅम्पांमधून काम करतात. तू तिथे पोचण्याआधीपासून हे उभं आहे गं. त्यांच्या पाठीमागे उभी राहा, पुढे नको.

टाके काढायला ती येईल. तो बाहेर असेल तेव्हाच बोल. फॉर्म बॅगेतच राहू दे. शेजारी बस, डोळ्यांत डोळे घालू नकोस, गप्प राहिली तर राहू दे. मग विचार, तुझी माणसं कोण? जे म्हणेल ते कळव. ‘कोणी नाही’ म्हणाली, तर मेल लिहीत बसू नकोस. मध्यरात्र असली तरी फोन कर.

तुझी,
ताई