ऊसतोड टोळीतली 17 वर्षांची मुलगी सांगलीतून गायब होते आणि परत येऊन न्याय मिळवते, अशी टीनएजर मुलांसाठी थ्रिलर लिहितोय. पोलीस-कोर्ट खरं कसं वाटेल?

मी सांगलीतच वकिली करते आणि थ्रिलर वाचायचं व्यसन आहे, त्यामुळं जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी तो '24 तास झाल्याशिवाय तक्रार घेत नाही' वाला सीन असेल तर काढून टाका, असा नियमच नाही. उलट 18 च्या आतलं पोरगं हरवलं की अपहरण धरूनच एफआयआर घ्यायची, हे सुप्रीम कोर्टानं 2013 मध्येच सांगितलंय. म्हणून तर पेपरात सारखं ते ठराविक वाक्य येतं, 'अज्ञात इसमाने अज्ञात कारणासाठी फूस लावून पळवून नेले', पोरगी स्वतःहून गेली असली तरी तेच. 18 पूर्ण असेल आणि घातपाताचा संशय नसेल तर मात्र नुसती मिसिंग दाखल होते आणि मग तपासाला किती जोर येतो ते तुम्हाला माहितीय. आणि हो, जुन्या दंड संहितेचं कलम 363 लिहू नका, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आलीय, त्यात अपहरण 137 मध्ये आहे.

आता खरी मजा इथंच आहे बघा, सगळं वयावर अडतं. वय ठरवायला कायद्यात क्रम दिलाय, आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं सर्टिफिकेट, ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, तेही नसेल तरच हाडांची तपासणी. आणि दाखल्यावर काय असणार? 1 जून! निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस 1 जूनला असतो, शाळेत घालताना सहा वर्षं भरावीत म्हणून मास्तरांनी टाकलेला. तुमची पोरगी जन्मली समजा त्याच्या पुढच्या जानेवारीत, ऐन हंगामात, आणि गायब झाली नोव्हेंबरात. म्हणजे कागदावर 18 पूर्ण, खरं बघितलं तर दोन महिने कमी. ठाण्यात नुसती मिसिंग, आणि आरोपीचा वकील म्हणणार सज्ञान होती, स्वखुशीनं गेली. मग ती 1 जूनची तारीख खोटी आहे हे दाखवायला जन्माची नोंद लागणार. ती जिथं जन्म झाला तिथं होते, आणि समजा पोरगी मूळची बीडची, पण जन्मली वाळव्याकडच्या कुठल्यातरी फडात, खोपीत, म्हणजे तिच्या वयाचा पुरावा बीडला नाहीच, तो इथं कृष्णाकाठच्या एखाद्या ग्रामपंचायतीत आहे, आणि 2019 च्या पुरात ते दप्तर भिजलं असेल तर? मग उपकेंद्रातल्या नर्सबाईंचं जुनं रजिस्टर शोधा, सुईण शोधा. पाठलाग, गोळीबार काही नको, हे रजिस्टर कुणाच्या हाती आधी लागतं यावरच पन्नास पानं पळतील.

आईबाप तक्रार द्यायला का कचरतात तेही नीट दाखवा. मुकादमाकडनं, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराकडनं, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, एक कोयता म्हणजे नवराबायको दोघं, ठाण्यात दिवस घालवला की खाडा. व्हिलनला कवटीची अंगठी वगैरे घालायची गरज नाही, उचलीची वही पुरते.

गायब करायला मिरज जंक्शन आहेच, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर चारी दिशांना गाड्या, शिवाय रेल्वेच्या हद्दीत लोहमार्ग पोलीस वेगळे आणि म्हैसाळच्या पुढं लगेच कर्नाटक. पण हद्दीचं कारण सांगून तक्रार द्यायला आलेल्याला परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कुणाचीही असो, आहे त्या ठाण्यात एफआयआर, घ्यावीच लागते. सापडल्यावर ती थेट घरीही जात नाही, बालकल्याण समितीपुढं न्यावं लागतं.

गुन्हा पोक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात, बसला तर कोर्टाचा सीन पूर्ण बदलतो. जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीचं वाटेल तिथं, शक्यतो महिला अधिकारी, वर्दी नाही. साक्षीच्या वेळी आरोपी तिच्या नजरेसमोर येऊ द्यायचा नाही. आणि आरोपीचा वकील तिच्यावर ओरडूच शकत नाही, त्याचा प्रश्न आधी न्यायाधीशांकडं जातो आणि ते तिला विचारतात. त्यामुळं सिनेमातल्यासारखी डायलॉगबाजी बाद. पण वकिलानं काय विचारलं ते तिला कळतंय आणि न्यायाधीश तेच मवाळ करून विचारतायत, मधल्या त्या चार सेकंदांत तिच्या डोक्यात काय चाललंय ते लिहा ना.

तिचं नाव, शाळा, गाव, फोटो काहीच छापता येत नाही, म्हणजे पेपरात ती कायम 'पीडिता'. माझं मत विचाराल तर म्हणूनच गोष्ट तिनंच सांगावी, 'मी' म्हणून. नाहीतर अर्धी कादंबरी पोरगी गायब आणि एक देखणा पीएसआय तिला शोधत बुलेटवरनं फिरतोय, असलं लई वाचून झालंय.

पोक्सोची सुनावणी बंद दाराआड असते, ती बघता येणार नाही. पण बाकीचे बहुतेक फौजदारी खटले उघड्या कोर्टात चालतात, कुणीही मागं बसू शकतं. विजयनगरला, सांगलीच्या जिल्हा न्यायालयात या एकदा सकाळी 11 च्या आसपास, उलटतपासणी चालू असेल अशा कोर्टात बसा, फक्त मोबाईल बंद ठेवा आणि तारीख पडली तर कंटाळू नका, तीही लिहून घ्या.