प्रोग अल्बमला 'मेटल' कधी म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: प्रोग्रेसिव्ह रॉकच्या (थोडक्यात 'प्रोग', म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक) अल्बममध्ये गिटार दणकून वाजली की त्याला हेवी मेटल, म्हणजेच मेटल, म्हणायचं का? आणि तसं असेल, तर किंग क्रिम्झन या बँडचा 'रेड' (१९७४) मेटलच नाही का?

माझं उत्तर 'नाही' असं आहे. 'रेड'च्या शीर्षकधुनेत रॉबर्ट फ्रिपची गिटार आजही अंगावर येते. पण तिच्यामागचे बिल ब्रुफर्डचे ड्रम्स ऐका. जॅझ वाजवणाऱ्याचे असावेत तसे ते सुटे, खेळते आहेत. अल्बम संपतो 'स्टारलेस'वर, आणि ते गाणं सुरू होतं मेलोट्रॉनच्या (टेपवर मुद्रित केलेले सूर वाजवणारं कीबोर्ड वाद्य) संथ सुरांनी. जड आहे, पण मेटल नव्हे.

कारण 'मेटल' हा शब्द आवाज किती मोठा आहे हे सांगत नाही. गाणं कशावर उभं आहे ते सांगतो. मेटल रिफवर, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीवर, उभं असतं. तळहाताची कड ब्रिजपाशी (गिटारच्या खोक्यावर तारा टेकतात ती पट्टी) तारांवर टेकवून वाजवलं (पाम म्यूट) की सूर आखूड आणि घट्ट होतो. बास ड्रम बहुतेकदा त्याच आघातांवर पडतो आणि दोन्ही मिळून एकच ठोका ऐकू येतो. हा रिफ काढून घेतला तर गाण्यात फारसं काही उरत नाही.

स्टॉकहोमच्या ओपेथनं 'डिलिव्हरन्स' (२००२) आणि 'डॅम्नेशन' (२००३) एकाच सुमारास रेकॉर्ड केले. वादक तेच, निर्मितीत दोन्हीकडे स्टीव्हन विल्सन. 'डिलिव्हरन्स'च्या शीर्षकगीताच्या शेवटी गिटार आणि ड्रम्स एकच तुटक रिफ कितीतरी वेळ ठोकत राहतात. 'डॅम्नेशन'मध्ये स्वच्छ गिटार, मेलोट्रॉन आणि मिकाएल ओकरफेल्टचा मऊ आवाज. पहिला मेटल, दुसरा मेटल बँडनं केलेला प्रोग रॉक.

मेटलमध्ये अनेकदा ऐकू येणारं गुरगुरतं गायन ही मात्र अट नाही. ड्रीम थिएटरच्या 'इमेजेस अँड वर्ड्स'वर (१९९२) जेम्स लब्री सुरेल गातो, तरी तो प्रोग मेटलचा पायाभूत अल्बम. विषम मात्रांचे ताल तर येस आणि जेनेसिस या प्रोग रॉक बँडकडेही होते, तेव्हा तोही निकष नव्हे.

बोलताना मी दोन वाक्यं वेगळी ठेवतो: 'या अल्बममध्ये मेटल आहे' आणि 'हा अल्बम मेटल आहे'. पॉर्क्युपाइन ट्रीच्या 'इन अ‍ॅब्सेन्शिया'ला (२००२) पहिलं वाक्य लागू पडतं. 'ब्लॅकेस्ट आइज' जबर रिफनं सुरू होतं, पण कडवं येताच तो रिफ बाजूला होतो आणि गाणं गायनावर पुढे चालतं.