मे महिन्यात पाणी कोण देणार?

जळगाव, मार्च

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. होस्टेलमागच्या पडीक जागेत सगळ्यांनी मिळून भाजीबाग करायची, प्राचार्यांनी होकार दिलाय, व्हॉट्सॲप ग्रुपवर तीस-पस्तीस जण जमलेत आणि गुढीपाडव्याला पहिली रोपं लावायची, असा तुझा बेत. सोबत यादी : टोमॅटो, वांगी, मिरची, पालक, कोथिंबीर, झेंडू आणि दोन आंबे. यादी चांगली आहे, तिच्याकडे मागाहून येऊ. पण पाडव्याला एकही रोप लावू नकोस.

का, ते सांगतो. पाडव्यापाठोपाठ तुमच्या परीक्षा. परीक्षा संपली की होस्टेल रिकामं. कोणी शिरपूरला, कोणी तळोद्याला, कोणी अमळनेरला. आणि नेमकं तेव्हाच आपल्याकडचं ऊन पेटतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर गेला तर त्याची आता कोणाला नवलाई वाटत नाही, आणि तुमचं धुळंही काही थंड हवेचं ठिकाण नाही. मार्चअखेर लावलेलं रोप तेव्हा जेमतेम मुळं धरत असतं. कॉलेजातल्या बागा खताअभावी किंवा किडीने मरताना मी फारशा पाहिल्या नाहीत. त्या सुट्टीत मरतात. जूनमध्ये पोरं परत येतात तेव्हा वाफ्यात वाळक्या काटक्या उभ्या असतात, आणि त्या बघून पुन्हा कुदळ हातात घ्यायला ग्रुपमधले चार जणही येत नाहीत.

म्हणून 'काय लावायचं' हा प्रश्न ग्रुपवर आधी टाकू नकोस. गावाकडचा कोणीही म्हातारा अहिराणीत जे विचारेल तेच विचार : "पानी कोन देई, भो?"

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर पेरणीच्या आधी द्यायची रीत आहे. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं, साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरतं. तेव्हा शेत उघडं असतं, बी घरात आलेलं नसतं, पाऊस महिना-दीड महिना लांब. पण माणूस ठरतो आणि त्याला काय द्यायचं ते ठरतं. आणि तू तर पांझरेच्या काठी शिकतेस. तुमच्या वर्गात साक्रीकडची कोणी असेल तर तिला घरी फड बागायतीबद्दल विचारायला सांग. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात त्या हंगामाला सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पुढे फेरपालट करायची. पाणी सोडायला पाटकरी, पाटाची राखण करायला जागल्या; दोघेही लाभधारकांनीच नेमलेले, त्यांचा मोबदलाही लाभधारकांनीच द्यायचा. पाटातला गाळ काढायला ज्याचं शेत त्याने हजर व्हायचं. काही शतकं हे चाललं. लोक ही गोष्ट सांगताना गावाच्या एकोप्याचं कौतुक करतात. मला ते अर्धंच पटतं. पाण्यावरून भांडणं होणारच हे धरून त्यांनी पाळी बांधली होती, म्हणून एकोपा टिकला. तुमच्या ग्रुपवर आज सगळे हार्ट पाठवताहेत. ऑगस्टमध्ये कोण किती भेंडी घेऊन गेलं यावरून धुसफूस सुरू होईल. तेव्हा प्रेम आहे तोवर पाळी बांधून घ्या.

पाळी बांधताना विद्यार्थ्यांच्या भरवशावर राहू नका. तुम्ही तीन वर्षांचे पाहुणे. बागेचे खरे कायमचे लोक म्हणजे माळीदादा, रात्रीचे वॉचमन, मेसच्या मावशी. त्यांना पहिल्या बैठकीला बोलवा, नंतर कळवायला म्हणून नव्हे. मे-जूनच्या पाण्यासाठी माळीदादांना किंवा वॉचमनना ठरावीक मोबदला द्या, आणि तो वर्गणीतून आधीच बाजूला काढून ठेवा. 'काका, जरा बघाल ना?' असं गोड बोलून फुकट काम काढून घ्यायची आपल्याकडे वाईट सवय आहे. त्यांच्या जोडीला धुळ्यातच घर असलेली पाच-सहा पोरं-पोरी शोधा आणि प्रत्येकाला वार द्या. नावं कागदावर, कागद नळाशेजारी.

प्राचार्यांचा होकारही कागदावर घे. कोणती जागा, कोणत्या नळाचं पाणी, किती वर्षं. तोंडी होकार बदलीबरोबर जातो. शिवाय कॉलेजचा दर्जा तपासायला समिती यायची म्हटली की कॅम्पसमध्ये रातोरात कुंड्या उगवतात आणि समितीची गाडी गेटबाहेर पडली की वाळायला लागतात. तुमची बाग त्या खात्यात जमा होऊ देऊ नकोस. राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनाही भेट. रासेयोच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करायचं असतं. बागेचे तास त्यात धरले तर हजेरीचा प्रश्न बराचसा सुटतो, आणि तास लिहायची वही आपोआप बागेचीही वही होते.

मग आत्ता करायचं काय? भरपूर आहे.

आधी त्या जागेत फूटभर खोल दोन-तीन खड्डे घे. होस्टेलमागची पडीक जागा म्हणजे बांधकामाच्या वेळचा राडारोडा तिथेच पुरलेला असायची शक्यता दाट. विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, मुरूम लागला तर जागा बदल किंवा वाफे उचलून वर घे. काळी माती लागली तर खड्ड्यात बादलीभर पाणी ओत आणि दुसऱ्या दिवशी बघ. पाणी तसंच साचलेलं असेल तर पावसाळ्यात तिथे मुळं कुजणार. गादीवाफे, म्हणजे उंच वाफे, आणि बाजूने चर काढल्याशिवाय लागवड नाही. माती परीक्षणाचा नमुना याच वेळी काढ : आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा, कडेची माती खरवडून एकत्र करायची, त्यातली अर्धा किलो सावलीत वाळवून प्रयोगशाळेत द्यायची. सामू (पीएच), क्षार आणि सेंद्रिय कर्ब, हे तीन आकडे तुला हवेत.

पाण्याचा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर मांड. एक गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. म्हणजे गुंठाभर वाफ्यांना दिवसाला पाच मिलिमीटर द्यायचं म्हटलं तर ५०० लिटर झाले, आणि ऐन उन्हाळ्यात तेवढ्याने भागत नाही. आता तुमच्या नळाला खरोखर किती पाणी येतं ते बादली लावून मोज, मग बाग किती मोठी करायची ते ठरव. पहिल्या वर्षी एक गुंठा पुष्कळ झाला. हजार लिटरची टाकी चार-पाच फूट उंच चौथऱ्यावर ठेवली तर एवढ्या जागेचं ठिबक मोटरशिवाय चालतं; ठिबकचं गाव आमचं जळगावच, जुन्या नळ्या कोणाकडे ना कोणाकडे पडून असतात.

एक जपून ऐक. होस्टेलच्या आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी बागेला घ्यायची तुझी कल्पना ऐकायला छान आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार आटून जास्तच झालेले असतात. बोअरचं पाणी आधीच जड, वर काळी माती. दोन-तीन वर्षांत पांढरा थर दिसायला लागेल. ते पाणी संडास-बाथरूमला वापरायला सांग. कपडे धुतलेलं पाणीही नको. वॉटर कूलरखाली सांडणारं चालेल, मात्र ते आरओ लावलेल्या कूलरचं पिण्याचं पाणी आहे की मशीनने टाकून दिलेलं, ते आधी बघून घे.

आणि आता तुझ्या पाडव्याच्या मुहूर्ताचं. पोरांना कामाला तर लावायचंच आहे. त्या दिवशी जागा खणा. हरळीच्या काशा आणि लव्हाळ्याच्या गाठी हाताने वेचून काढा; हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला दुसरा उपाय नाही. जमीन सपाट करून ओली करा आणि परीक्षा सुरू व्हायच्या आत तिच्यावर पारदर्शक पातळ प्लॅस्टिक ताणून चारही कडा मातीत गाडून टाका. चार-सहा आठवडे. खाली माती इतकी तापते की बऱ्याचशा तणांचं बी आणि मातीतले रोग मरतात. खानदेशच्या उन्हाला एवढ्या वर्षांत शिव्याच मिळाल्या, त्याच्याकडून हे एक काम फुकट करून घ्यायचं. तुम्ही सगळे घरी, आणि बागेत पाणी न घालता काम चालू.

दुसरं काम नाडेप कंपोस्ट खताचं. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी काढलेली ही पद्धत : विटांचं १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच टाकं, भिंतींना हवा खेळायला भोकं. आत पालापाचोळा, शेणकाला, माती असे थर देत टाकं भरायचं आणि वरून लिंपायचं. तीन-चार महिन्यांत खत तयार. मार्चमध्ये कॅम्पसभर कडुलिंबाचा पाला पडतो आणि झाडून त्याला काडी लावतात. ती काडी थांबवली तरी तुमचं टाकं भरेल. मेसचा भाजीचा कचरा घ्या, तेलकट उष्टं नको, नाहीतर उंदीर आणि मांजरं वस्तीला येतील.

जूनमध्ये मृगाच्या पहिल्या सरीवर उडी मारू नका. चांगला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खाली उतरू दे, मग वाफसा बघ. ढेकूळ मुठीत दाबायचं : चिकटून गोळा झाला तर थांबायचं, भुगा होऊन सुटलं तर कुदळ घ्यायची. चिखलात तुडवलेली काळी माती वाळली की विटेसारखी होते. अर्ध्या जागेत भेंडी, गवार, चवळी, अंबाडी. कुंपणावर दोडके आणि गिलके. उरलेल्या अर्ध्यात ताग पेरून दीड महिन्याने, फुलावर यायच्या आत, जमिनीत गाडून टाक. पंधरा-वीस दिवस कुजू दिला की तिथे वांगी. हिवाळ्यात मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, आणि टोमॅटोही तेव्हाच. फेब्रुवारीअखेर हंगामी वाफे मोकळे करायचे, म्हणजे उन्हाळ्यात राखायला उरतात कढीपत्ता, लिंबू आणि शेवगा एवढीच चार झाडं, बुंध्याशी पाचटाचं आच्छादन घातलेली. आंबे लावायचेच असतील तर वाफ्यांच्या उत्तर कडेला लाव. हिवाळ्यातली सावली बागेबाहेर पडेल.

वांग्यांवर जरा सकाळी लवकर नजर ठेव. सगळं झाड ताठ आणि एखादाच शेंडा मान टाकलेला दिसला की त्यात अळी शिरली समज. तो शेंडा दोन बोटं खालून खुडून वाफ्याबाहेर नेऊन नष्ट करायचा. शेजारी फेकलास तर खुडला काय, न खुडला काय. कामगंध सापळे लावा, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढून घेणारे. फवारणीचा पंप आणायची घाई नको. बाग होस्टेलला लागून आहे.

भाजी वाटायचा नियम साधा ठेवा. ज्यांनी पाणी दिलं त्यांचा वाटा आधी, म्हणजे माळीदादा, वॉचमन आणि त्या आठवड्याची पाळी. मग मेस. तोडणीचा वार एकच. वाटेवरचा कढीपत्ता आणि लिंबू मात्र कोणालाही मुभा; चोरीची मजा गेली की आतल्या वाफ्यांकडे हात जात नाही. एकेकाला वेगळा वाफा देऊ नकोस. एक मुलगी आजारी पडली की तिचा वाफा तणाचं आगर होतो, आणि शेजारची म्हणते माझा नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये प्रथम वर्षाची पोरं आली की पहिल्या महिन्यातच त्यांना नळाची किल्ली द्या. तिसऱ्या वर्षाच्यांनी फक्त सल्ला द्यायचा, तोही विचारला तर. मला हे लिहिताना हसू येतंय, कारण मी चार पानं न विचारता दिली.

वांग्याचं बी दुकानातून आणू नकोस. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. ते हिरवं, पांढरट रेघांचं, मोठं वांगं बामणोद-आसोद्याकडे पिकतं. तिथल्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून बी आणून जुलैच्या सुरुवातीला एसटीच्या पार्सलने पाठवतो. गादीवाफ्यावर टाक, महिना-सव्वा महिन्यात रोप लावणीला येतं. अर्ध्या गुंठ्याला तीन-तीन फुटांवर पन्नास-साठ रोपं बस्स. डिसेंबरात पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळक्या काड्यांवर) वांगी भाजा, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी मेसच्या मावशींकडून थापून घ्या. सगळ्यात चांगल्या झाडावरची दोन वांगी मात्र भरितात जाऊ देऊ नका. ती पिवळी होईपर्यंत झाडावरच ठेवायची, पुढच्या वर्षीच्या बियाण्याला.

टाकीचं माप आणि मातीचा अहवाल हातात आला की कळव.

तुझे,
सर