आपल्या भागातले पक्षी ओळखायला कुठून सुरुवात करू? अ‍ॅप आहे, पुस्तक आहे, तरी सगळे सारखेच दिसतात

तुमचा प्रॉब्लेम पुस्तकात आहे, पक्ष्यांत नाही. मीपण असंच पहिल्या पानापासून पाठ करायला बसलो होतो. भारतात १३०० च्या वर जाती नोंदलेल्या आहेत, त्यातल्या बहुतेक तुमच्या खिडकीसमोर कधीच येणार नाहीयेत, मग त्यांची चित्रं बघून डोक्याचा भुगा कशाला करायचा?

आधी रोज दिसणारे दहा-बारा पक्के करा. साळुंकी, बुलबुल, दयाळ, कोतवाल, शिंपी, खंड्या, घार असे. पक्के म्हणजे नुसतं नाव नाही, तर तो कुठे बसतो, काय खातो, शेपटी कशी धरतो हे सगळं. रंगावर फार जाऊ नका, उन्हात वेगळा दिसतो आणि सावलीत वेगळा, सवय मात्र बदलत नाही. वेडा राघू तारेवरून झेप घेतो, हवेतच किडा पकडतो, परत तारेवर येऊन दोन-चारदा आपटतो आणि मग गिळतो. हे एकदा नीट बघितलंत की पुढच्या वेळी लांबून काळी आकृती दिसली तरी कळतं. आकार लिहिताना सेंटिमीटर नको, चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा एवढं पुरतं.

नर-मादीचा घोळ मात्र सगळ्यांचा होतो. मी एकदा तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, लाल डोळे असा पक्षी बघून ग्रुपवर फोटो टाकला, काहीतरी दुर्मिळ सापडलं म्हणून, आणि दोन मिनिटांत उत्तर आलं, अहो ही कोकिळा! मी आपला कोकीळ म्हणजे काळा एवढंच धरून बसलेलो. आणि ते 'कुहू' करणारा तो काळा नरच असतो बरं का, मादी नुसती किक किक किक करत पळते, आपण उगाच कोकिळा गाते म्हणत बसतो.

कान लावा, हे मी सगळ्यात महत्त्वाचं म्हणेन. तांबट मला कित्येक महिने नुसता ऐकू यायचा, टुक टुक टुक, भांडं ठोकल्यासारखा, आणि दिसायचा नाही कारण एक तर हिरवा, चिमणीपेक्षा जरासाच मोठा, आणि आवाज काढताना मान फिरवतो त्यामुळे आवाज कधी इकडून कधी तिकडून आल्यासारखा वाटतो. शेवटी एका निष्पर्ण फांदीच्या टोकावर सापडला. चोच बंद आणि पिवळा गळा प्रत्येक ठोक्याला फुगतोय! पावशाचं 'पेरते व्हा' तर तुम्हाला माहीत असेलच, असे शब्द स्वतः बनवून लिहून ठेवा.

मर्लिन अ‍ॅप चांगलं आहे, आवाजावरून नाव सुचवतं, पण सुचवतं एवढंच. कोतवाल शिक्र्याच्या, म्हणजे एका छोट्या शिकारी पक्ष्याच्या, आवाजाची हुबेहूब नक्कल करतो, त्यामुळे अ‍ॅपनं शिक्रा म्हटलं तरी वर बघा. त्यापेक्षा ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर आपल्या जिल्ह्याचे महिनावार तक्ते बघा, कुठला पक्षी कधी दिसतो ते कळतं, म्हणजे करडा धोबी मे महिन्यात 'दिसला' असं होणार नाही, तो हिवाळी पाहुणा आहे.

दुर्बीण घेणार असाल तर ८ बाय ४२, आठपट मोठं दिसतं आणि पुढची काच ४२ मिमीची. दहापटवाली हातात जास्त हलते. आणि एक विनंती, फोनवर आवाज वाजवून पक्षी बोलवू नका. बिचारा दुसरा नर आला म्हणून भांडायला धावतो. घरट्याजवळ तर नकोच.

आता तुमचा तो शेवटचा प्रश्न, तळ्याकाठी मातकट रंगाचा, मान आखडून बसलेला, आणि उडाला की एकदम पांढराशुभ्र, दोन वेगळे पक्षी आहेत का? नाही हो, एकच. तो वंचक, ढोकरी पण म्हणतात. बसला की पांढरे पंख पाठीच्या तपकिरी रंगाखाली झाकले जातात, त्यामुळे चिखलात अजिबात कळत नाही. परत दिसला की उडवू नका, दहा मिनिटं थांबा, मासा दिसला की ती आखडलेली मान केवढी लांब होते ते बघाच.