वारूळ कुणाचं?

अमळनेरच्या एका वाचकांनी विचारलंय: सहारातल्या मुंगीवरच्या माहितीपटात निवेदक सारखा 'मुंगी वारुळात परतते' म्हणतो, हे बरोबर का?

नाही. ऐकून कान किटले. वारूळ वाळवीचं, यावल-रावेरकडे बांधावर उभं दिसतं ते. कोशांत 'मुंग्यांचं घर' असा अर्थ असतो, पण तो वाळवीला पांढरी मुंगी म्हणणाऱ्यांचा ढिसाळपणा. सहारातली कॅटाग्लिफिस मुंगी जमिनीखाली राहते, वर दिसतं ते एवढंसं भोक. भर दुपारी ती उन्हानं मेलेले किडे आणायला निघते. दिशा आकाशातल्या ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशावरून, अंतर पावलांवरून. २००६ साली शास्त्रज्ञांनी परतीला निघण्याआधी तिच्या पायांना डुकराच्या केसांचे टेकू चिकटवले, तर घर मागे टाकून ती पुढेच गेली. पाय आखूड केले तेव्हा अलीकडेच थांबून शोधत बसली. ट्युनिशियाच्या खाऱ्या मैदानात, जिथे नजरेला कसलीच खूण नसते, तिथे हीच मुंगी तोंडाशी उंच ढीग रचते. त्याला ढीगच म्हणा. घर ते बीळच, 'आयत्या बिळावर नागोबा'मधलं.

आता खरी गंमत. वारुळाला संस्कृतात 'वल्मीक' म्हणतात. त्या 'वल्मीक'वरून 'वारूळ' असं बिनदिक्कत छापणाऱ्यांनी मधल्या पायऱ्या दाखवाव्यात. प्राकृतात वल्मीकाचं 'वम्मीअ' होतं. त्यात रू कुठून आणणार? अमरकोश उघडा: 'वामलूरश्च नाकुश्च वल्मीकं पुंनपुंसकम्'. म्हणजे वल्मीकाचीच दुसरी नावं वामलूर आणि नाकु. वामलूर! माझ्या मते आपलं वारूळ इथलं. ल आणि र यांनी जागा बदलल्या की 'वामरूळ', आणि ग्रामाचं गाव, नामाचं नाव होताना म विरघळतो तसा इथेही विरघळला. अक्षरांची अदलाबदल ओढूनताणून वाटते? प्राकृताचं व्याकरण लिहिणाऱ्या हेमचंद्रानं तिच्यासाठी सूत्रं लिहिली आहेत. महाराष्ट्राचं मरहट्ठ, अचलपूरचं अलचपूर, लघुकाचं हलुअ. आपलं 'हळू' त्यातलंच. 'वामलूर'ची 'वाम' अधिक 'लू' म्हणजे कापणे अशी फोड करणाऱ्या संस्कृत पंडितांना मात्र नमस्कार. वाळवी काय डावीकडून कापते?

अहिराणीत डोळ्याचा डोया होतो, केळीची केयी. मग वारुळातल्या या ळचं तुमच्याकडे काय झालं? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून कळवा. आणि ती मुंगीच्या बिळाला काय म्हणतात, तेही.