गॅननच्या किल्ल्यात आधी कुठल्या दारात शिरावं?

तुम्ही विचारलंय की ‘ओकारिना ऑफ टाइम’ या ‘झेल्डा’ मालिकेतल्या व्हिडिओ गेममधली, नायक मोठा झाल्यावरची पाचही मंदिरं झाली, इंद्रधनुष्याच्या पुलावरून गॅननच्या किल्ल्यात पोचलो, आता मधल्या दालनात सहा दारं आहेत, आधी कुठं जायचं? आणि शेवटी जोडलंय की एवढं खेळून आता दम संपलाय, पुढचं यूट्यूबवर पाहून टाकलं तर काय बिघडलं?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण मला त्याचीच जास्त काळजी वाटली. कृपया पाहू नका. तुम्ही जिथं उभे आहात तिथं मीही थांबलो होतो, चांगले चार महिने. माझ्याकडे १९९८चा मूळ निन्टेंडो ६४ नव्हता, २०११ साली थ्रीडीएसवर आलेली आवृत्ती मी धाकट्या बहिणीबरोबर खेळलो. कन्सोल माझ्या हातात, ती खांद्यावरून डोकावणार, असा आमचा रिवाज. पुलापर्यंत आलो आणि मी गेम बाजूला ठेवला. तुम्ही म्हणता तसा कंटाळा मलाही वाटला होता, पण नंतर कळलं की तो कंटाळा नव्हताच. हे सगळं संपणार, याला मन तयार नव्हतं. पुन्हा सुरू केलं ते पावसाळ्यात, बहिणीच्या आग्रहानं. तेव्हा लक्षात आलं की हा किल्ला म्हणजे आपण आतापर्यंत जे जे शिकलो त्याची उजळणी आहे. वन, जल, छाया, अग्नी, प्रकाश आणि आत्मा अशी सहा दारं, आणि प्रत्येक दाराआड त्या त्या मंदिराची आठवण. दुसऱ्या कुणाच्या हातून ती पाहिली तर नुसत्या खोल्या दिसतील.

आता वाट सांगतो.

सर्वांत आधी छायेचं दार. यात माझा हट्ट नाही, कारण आहे. या दाराआड एका मोठ्या पेटीत सोनेरी गॉन्टलेट, म्हणजे जड खांब उचलायचं बळ देणारे हातमोजे, मिळतात. ते हातात असल्याशिवाय प्रकाशाच्या दारापाशी आडवा आलेला काळा खांब हलत नाही, आणि अग्नीच्या खोलीतलं कामही पुरं होत नाही. आम्ही आधी अग्नीत शिरलो होतो. लाव्ह्यावर बुडणाऱ्या चौथऱ्यांवरून उड्या मारत चंदेरी रुपी (गेममधले खडे) गोळा केले आणि शेवटी तिथल्याच एका जड खांबाशी येऊन अडलो. खाली लाव्हा, वर तसाच उभा खांब, आणि परत फिरण्यावाचून मार्ग नाही. छायेत वाट दिसत नाही तिथं मशालीवर फायर ॲरो सोडा, म्हणजे पाऊल ठेवायला जागा उमटते. लपलेलं दाखवणारी लेन्स ऑफ ट्रुथही उपयोगी पडते, पण ती मॅजिक, म्हणजे जादूची शक्ती, खाते, म्हणून उघडायची, पाहून घ्यायचं आणि लगेच मिटायची.

गॉन्टलेट मिळाले की किल्ल्याबाहेर परत या. हे पुष्कळ जण करत नाहीत आणि नंतर गॅननडॉर्फपुढं, म्हणजे शेवटच्या शत्रूपुढं, हाल होतात. किल्ल्याकडे येणाऱ्या वाटेवर एक अवाढव्य खांब उभा आहे, तो आता उचलता येतो. त्याच्यामागे महापरीचं कुंड आहे. तिथं ओकारिनावर (गेममधल्या बासरीवर) झेल्डाची अंगाई वाजवली की ती तुमचा बचाव दुप्पट करते, म्हणजे लागणाऱ्या प्रत्येक फटक्याचा मार निम्मा होतो. हृदयांना पांढरी कड आलेली दिसेल. किल्ल्यातून बाहेर पडल्यानं जिंकलेलं काही वाया जात नाही, निर्धास्त जा.

बाकीच्या दारांचा क्रम तुमच्या मर्जीचा. जलाच्या दारात जाताना एक बाटली रिकामी ठेवा, कारण लाल बर्फ वितळवायला निळा अग्नी भरून न्यावा लागतो. चारही बाटल्यांत परी कोंबून गेलात तर एक सोडून द्यावी लागेल, आणि तेव्हा फार जिवावर येतं. वनाच्या दारात पंख्यांच्या वाऱ्यावर हॉवर बूट घालून तरंगायचं आहे. वारा पाठीशी असेल तेव्हा निघा, एवढंच. अग्नीत अर्थातच गोरॉन ट्युनिक, म्हणजे उष्णता सोसणारा अंगरखा. आत्म्याच्या दारात बॉम्बचू (सरपटत जाणारा बॉम्ब) लागतो, दोन-चार जवळ असू द्या, आणि पुढं छतावरचं कोळ्याचं जाळं फायर ॲरोनं जाळलं की ऊन खाली उतरतं. मग आरशाची ढाल काढायची. त्या मंदिरातला तो वाळवंटी उजेड इथं पुन्हा भेटला तेव्हा मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं.

प्रकाशाच्या दाराबद्दल मात्र थोडं थांबून लिहितो, कारण मला ते सगळ्यांत आवडलं. बाकी पाच दारांची मंदिरं आपण कष्टानं पालथी घातलेली असतात. प्रकाशाचं तसं नाही. बाकीच्या मंदिरांत जिंकून मिळतं तसं पदक इथं राऊरू हा ऋषी आपल्याला सात वर्षांच्या झोपेतून उठल्याबरोबर देतो, त्यासाठी आपण काहीच केलेलं नसतं. प्रकाशाचं मंदिर असं खेळायला मिळतच नाही. म्हणून या दाराआड आठवायला काही नसेल असं मी धरून चाललो होतो. पण इथं साऱ्या गेमभरचं थोडं थोडं येतं. लेन्समधूनच दिसणारी पेटी, गडगडत येणारे दगड, खोटी भिंत. आणि एक खोली, जिथं आम्ही दोन संध्याकाळी अडकून पडलो. शत्रू नाही, कळ नाही, दाराला कुलूप. मी भिंतीवर बॉम्ब लावले, प्रत्येक कोपऱ्यात बाण मारले. दुसऱ्या दिवशी बहीण म्हणाली, “दादा, जमिनीवर ते तीन त्रिकोण आहेत बघ. अंगाई वाजव ना.”

वाजवली. किल्ली मिळाली.

जी अंगाई आपण लहानपणी, पहारेकऱ्यांची नजर चुकवत राजवाड्याच्या अंगणात पोचून झेल्डाची दाई इम्पा हिच्याकडून शिकलो, ती सात वर्षांनी शत्रूच्या किल्ल्यात चालते. त्या किल्ल्याच्या जागी आधी तोच राजवाडा होता, हे मला त्या क्षणी लख्ख आठवलं. कुठल्याही व्हिडिओत हे दिसेल, पण आठवण्याचं काम तुम्ही केलं तरच ते तुमचं होईल. माझी कळकळ एवढ्याचसाठी आहे.

प्रत्येक दाराच्या टोकाला उजेडाचा एक गोळा असतो, त्यात लाइट ॲरो मारायचा, मग त्या दाराचा ऋषी येतो आणि मधल्या मनोऱ्याकडे जाणारा एक झोत विझतो. लाइट ॲरोला फायर ॲरोच्या दुप्पट मॅजिक लागतं. म्हणून शेवटच्या खोलीत रिकाम्या मीटरनं पोचू नका. मधल्या दालनातच लेन्सनं भिंती तपासल्यात तर एक खोटी भिंत सापडेल, तिच्यामागे माल विकणारे स्क्रब नावाचे जीव बसलेले असतात. बाण, बॉम्ब, औषधी, जे कमी असेल ते तिथं घ्या.

सहाही झोत विझले की मनोरा उघडतो. इथून पुढं गोष्टीचा शेवट येतो, तेव्हा नको असेल तर इथंच थांबा आणि खेळून परत या.

मनोऱ्यात कोडी नाहीत. जिना चढायचा, खोलीत लढायचं, पुन्हा जिना. आधी डिनोलफोस, मग स्टालफोस, मग आयर्न नकल. आवाज बंद ठेवून खेळत असाल तर इथं तरी सुरू करा. सुरुवातीला दुरून ऑर्गन ऐकू येतो, नेहमीच्या पार्श्वसंगीतासारखा. पण प्रत्येक जिन्यागणिक तो मोठा होत जातो, आणि वर पोचल्यावर कळतं की वाजवणारा गॅननडॉर्फच आहे, आपल्याकडे पाठ करून. कोजी कोंडो यांचं या गेममधलं सगळंच संगीत मला प्रिय आहे, पण शत्रू वर आपली वाट पाहतोय हे इतक्या साध्या युक्तीनं सांगितलेलं मी दुसरीकडे अनुभवलेलं नाही. बहीण तिसऱ्या जिन्यावर म्हणाली, “जरा थांब, मला भीती वाटतेय.” आम्ही खरोखरच थांबलो, चहा घेतला आणि मग वर गेलो.

गॅननडॉर्फशी लढताना त्यानं फेकलेला उजेडाचा गोळा तलवारीनं परतवायचा. हे नवीन वाटत असेल तर वनमंदिर आठवा, फँटम गॅननशी तुम्ही हेच केलंय. गोळा त्याला लागला की लाइट ॲरो, मग जवळ जाऊन तलवार. तो जमिनीवर आपटला की फरशा कोसळतात, खाली पडलात तर धावत वर या, घाबरू नका. या लढाईत आपली सोबतीण परी नावी मदत करू शकत नाही, त्याच्या अंधारापुढं तिला जवळ येता येत नाही. पहिल्या वेळी तिची उणीव फार जाणवते.

तो पडला की किल्ला ढासळू लागतो आणि तीन मिनिटं मिळतात. राजकुमारी झेल्डा पुढं धावते, बंद फाटकं तीच उघडते, आपण फक्त तिच्या मागं राहायचं. घाईत तिला सोडून पुढं गेलात तर फाटकापाशी उभं राहावं लागेल. वाटेत स्टालफोस आडवे आले की लढा आटपून लगेच निघा. वेळ पुरतो.

बाहेर आल्यावर संपलं असं वाटतं. संपलेलं नसतं. ढिगाऱ्यातून गॅनन, म्हणजे गॅननडॉर्फचंच राक्षसी रूप, उठतो आणि पहिल्याच फटक्यात मास्टर स्वोर्ड हातातून उडून आगीच्या कड्याबाहेर पडते. मेगाटन हॅमर किंवा बिगगोरॉनची तलवार जवळ ठेवा, म्हणून मी आधीपासून सांगतोय समजा. तोंडावर लाइट ॲरो मारून त्याला थबकवा आणि मागं जाऊन शेपटीवर घाव घाला. आणि इथं नावी परत येते. या वेळी मागं हटणार नाही, आपण मिळून लढू, असं म्हणते. त्या वाक्याला बहिणीनं माझा दंड इतका घट्ट धरला की मला नेम धरता येईना, आणि आम्ही पहिल्यांदा तिथंच हरलो. दुसऱ्या वेळी ती जरा लांब बसली.

एक शेवटचं सांगून ठेवतो. श्रेयनामावली संपल्यावर गेम तो विजय फाईलमध्ये साठवत नाही. पुन्हा सुरू केलंत की तुम्ही लढाईच्या आधीच्याच ठिकाणी असता, गॅननडॉर्फ अजून वरच असतो. आधी मला याचं वाईट वाटलं होतं. आता बहीण सुट्टीत घरी आली की आम्ही तीच फाईल उघडतो आणि ऑर्गन ऐकत जिना चढतो.